इतर – एक

लॅमिनेशनचं यंत्र घरात आलं त्या दिवसापासून भाऊसाहेबांच्या घरातला एकही कागद सुखाने मऊ राहिला नाही. पहिल्याच दुपारी पाण्याच्या गाळणीचं माहितीपत्रक, कपाटाच्या कुलपाचं हमीपत्र आणि खुद्द भाऊसाहेबांचा निवृत्तीचा आदेश असे तीन दस्तऐवज प्लास्टिकमध्ये कायमचे जाऊन बसले. यंत्रातून बाहेर आलेला कागद भाऊसाहेब हातात धरून हलवायचे, तो खर्रर्र वाजायचा, आणि आता याच्या केसालाही धक्का लागणार नाही असं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरायचं. त्यांचा धाकटा भाऊ तो आवाज ऐकला की दोन्ही कानांवर तळवे दाबून आतल्या खोलीत निघून जायचा. हे भाऊसाहेबांच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात न येणं ही त्यांची नोकरीतली सवय, आणि ती त्यांनी निवृत्तीनंतरही नेटाने टिकवली होती.

या सगळ्याचं मूळ आईचा पाय घसरण्यात होतं. आई चौऱ्याऐंशीची. न्हाणीघरात घसरली, हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून तिचा मुक्काम बहुतेक पलंगावरच असायचा. पलंगावर पडल्या पडल्या एका सकाळी ती म्हणाली, "माझ्यामागे याचं कोण रे?"

'याचं' म्हणजे धाकट्याचं. धाकटा सत्तेचाळीस वर्षांचा होता, दाढी पिकायला लागली होती, पण डॉक्टरांच्या मते समज सहा वर्षांची. फिट येऊ नये म्हणून रोज अकरा वाजता गोळी. आंघोळीपासून चपलेच्या पट्ट्यापर्यंत सगळं दुसऱ्याने करायचं. आईचा प्रश्न आईचा होता; भाऊसाहेबांना तो वरिष्ठ कार्यालयाकडून आलेल्या पत्रासारखा ऐकू आला. पाणीपुरवठा खात्याच्या रेकॉर्ड विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. त्या खात्याकडून लोकांना पाणी अधूनमधून मिळायचं, पण पत्राला उत्तर मात्र हटकून जायचं.

"आई, तू काळजी सोड," ते म्हणाले. "मी आजच फाइल उघडतो."

"फाइल कशाला? सूनबाईला विचार."

"तिला काय विचारायचं? ती घरातलीच आहे."

सूनबाई म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी. धाकटा त्यांना 'वैनी' म्हणायचा, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. त्या वेळी त्या आईच्या पाठीशी उशी लावत होत्या. त्यांनी उशी लावली, ती दोनदा थोपटली आणि धाकट्याच्या आंघोळीचं पाणी तापलं का ते बघायला गेल्या.

फाइल उघडली गेली आणि ती बंद होण्याचं नाव घेईना. महिन्याभरात तिचे अकरा भाग झाले. भाग एक, उद्दिष्टं. भाग दोन, व्याख्या. 'धाकटा' म्हणजे अर्जदाराचा कनिष्ठ बंधू, हे सहा ओळींत समजावलेलं होतं. न जाणो, भविष्यात कुणी तिसराच धाकटा उभा राहिला तर! भाग चारमध्ये दैनंदिन काळजी. भाग नऊमध्ये आपत्ती आल्यास घरातून बाहेर कसं पडायचं याचा नकाशा होता, लाल बाणांसकट. घर तीन खोल्यांचं आणि दार एकच. तरी बाण चौदा होते. दारावर 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशी पाटी लागली, तीही लॅमिनेट केलेली. चाळीस वर्षं आई त्याच दाराने बाहेर जात होती. पाटी वाचून ती म्हणाली, "बरं झालं बाई, नाहीतर मी खिडकीतूनच गेले असते."

न्हाणीघरात धरायला दांडी बसवायचं ठरलं. आई म्हणाली, "मला इथे उभी करून हात कुठे पोचतो ते बघ." भाऊसाहेबांनी एका छापील पत्रकातलं प्रमाणित माप काढलं आणि त्याप्रमाणे भिंतीला भोकं पाडली. ते माप बहुधा पहारेकऱ्यांच्या आईसाठी काढलं असावं. आमची ही आई पावणेपाच फुटांची. दांडी धरायची तर तिला लोंबकळावं लागलं असतं. पुढे त्या दांडीवर टॉवेल फार छान वाळायला लागले. फाइलमध्ये मात्र नोंद झाली, 'वृद्धांच्या सुरक्षेची व्यवस्था पूर्ण.'

आता प्रश्न कायद्याचा होता, आणि कायदा वरच्या मजल्यावर राहायचा. तिथल्या काकांना सगळे 'दावेवाले' म्हणत. ते वकील नव्हते. सख्ख्या भावाशी एका भिंतीवरून एकोणीस वर्षं दावा लढून ते कायदा शिकले होते. भिंत पडून गेली होती, दावा उभा होता. त्यांनी फाइलीवरून बोट फिरवलं, चहात बिस्किट बुडवलं आणि बिस्किट पडायच्या आत बॉम्ब टाकला.

"साहेब, तुमच्या भावाला अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हाच तुमच्या आई कायद्याने पालक राहिल्या नाहीत. रीतसर पालक नेमून घ्यायला हवा होता. म्हणजे तुमचा भाऊ गेली एकोणतीस वर्षं बेवारस आहे!"

पलंगावरून आई म्हणाली, "आणि एकोणतीस वर्षं मी त्याला भरवतेय, ती काय शेजाऱ्याचा म्हणून?"

"भावना वेगळी, आजी. कायदा वेगळा."

"मग तुझ्या कायद्याला सांग, एकदा याची नखं कापून दाखव म्हणावं."

दावेवाल्यांनी हे मनावर घेतलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं: पालकत्व कार्यालयात अर्ज करायचा, पालक म्हणून स्वतःचं नाव द्यायचं, आईची शिफारस जोडायची, मग पाहणी होते आणि समिती हुकूम देते. आणि जाता जाता दारातून वळून त्यांनी आणखी एक सल्ला दिला. "मूळ कागद जपा, साहेब. माझ्या दाव्यातला एक मूळ कागद वाळवीने खाल्ला, म्हणून तर आज ही वेळ आली."

भाऊसाहेबांची नजर यंत्राकडे गेली. दुपारी चारपर्यंत धाकट्याचा जन्मदाखला, आईचं शिफारसपत्र आणि धाकट्याचा मूळ दिव्यांग दाखला असे सगळे कागद खर्रर्र वाजायला लागले होते.

पालकत्व कार्यालयातली खिडकी गुडघ्यात वाकूनच बोलता येईल अशा उंचीवर होती. आतले कारकून तोंडात लवंग धरून बसायचे आणि लवंग संपेपर्यंत 'नाही' या एका शब्दावर भागवायचे. त्यांनी दाखला उलटा केला, नखाने टकटक वाजवून पाहिला.

"हे काय आहे?"

"मूळ दाखला. संरक्षित केलाय," भाऊसाहेब अभिमानाने म्हणाले.

"पाठीमागे आमचा तपासणीचा शिक्का बसतो. यावर कसा बसणार?"

"बसेल की. दाबून मारा."

कारकुनांनी तोंडातली लवंग गालात सरकवली आणि शिक्का दाबून मारला. मग त्यावरून अंगठा फिरवला. शिक्का अंगठ्यावर आला. त्यांनी तो अंगठा भाऊसाहेबांना दाखवला. चौतीस वर्षं भाऊसाहेबांनी खिडकीच्या आतून लोकांना असाच अंगठा दाखवला होता. बाहेरून तो कसा दिसतो ते त्यांना आज कळलं.

"मंडळाकडून नवीन दाखला आणा. पुढचे."

नवीन दाखला म्हणजे पुन्हा वैद्यकीय मंडळ, म्हणून आधी प्लास्टिक सोडवायचे प्रयत्न झाले. दावेवाले म्हणाले, इस्त्री फिरवा. इस्त्री फिरवली. प्लास्टिक सुटलं, पण दाखला घेऊन सुटलं. सही एका थरावर गेली, टक्केवारी दुसऱ्या थरावर, आणि धाकट्याचा फोटो इस्त्रीला चिकटला. त्या इस्त्रीने पुढे भाऊसाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर भावाची आकृती उमटवली. वहिनींनी तो सदरा तीनदा धुतला. धाकट्याला मात्र तो सदरा फार आवडला, बोट लावून तो म्हणायचा, "मी!"

मंडळ बुधवारी बसायचं, बाराच्या पुढे. वहिनी धाकट्याला घेऊन आठ वाजता रांगेत उभ्या राहिल्या, कारण नंबर आठला देत. धाकट्याला अनोळखी गर्दीत घाबरायला होई, म्हणून त्यांनी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि भिंतीवरच्या चौकटी मोजायला लावल्या. त्याला सातपर्यंत मोजता यायचं. त्यांनी सात चौकटी चार तास मोजून घेतल्या. भाऊसाहेब साडेअकराला फाइल घेऊन आले आणि 'फार धावपळ होते बुवा' म्हणून पंख्याखालची खुर्ची धरून बसले.

मंडळाच्या डॉक्टरांनी जुन्या दाखल्याची झेरॉक्स पाहिली. "यावर 'कायमस्वरूपी' लिहिलंय."

"हो," भाऊसाहेब म्हणाले.

"ते अजून तसंच आहे का?"

"काय?"

"कायमस्वरूपी."

भाऊसाहेबांनी फाइल चाळली. कायमचं ते कायम असल्याचा पुरावा कुठल्याच भागात नव्हता. वहिनींनी धाकट्याला हळूच पुढे केलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हीच दोन प्रश्न विचारा की त्याला." डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. धाकट्याने दोन्हींचं उत्तर 'सात' दिलं. दाखला मिळाला. घरी येताना वहिनी दाखला पदराआड धरून चालल्या, तो पावसापासून नाही, नवऱ्यापासून वाचवण्यासाठी.

अर्ज दाखल झाला. त्याच्या सातव्या रकान्यात 'घरातील व्यक्तींचा तपशील' भरायचा होता. भाऊसाहेबांनी टंकलेखनाच्या सुबकपणाने भरला: अर्जदार (नियोजित पालक) – एक. वृद्ध माता – एक. दिव्यांग बंधू – एक. इतर – एक. बेरीज चार. बेरीज बरोबर होती. अर्जात आईच्या मरणाची तरतूद होती, खुद्द भाऊसाहेबांच्या मरणाचीही होती. वहिनींच्या मरणाची नव्हती. जिच्या जगण्याचीच नोंद नाही, तिचं मरण कुठे धरणार?

पाहणीची तारीख कळवणारं पत्र आलं. 'सकाळी दहा ते बारा या वेळेत अधिकारी भेट देतील. अर्जाची एक जादा प्रत तयार ठेवावी.' शेवटचं वाक्य भाऊसाहेबांनी त्या दिवशी सकाळी साडेदहाला वाचलं.

"अगं, चटकन कोपऱ्यावर जाऊन झेरॉक्स काढून आण. ही साधी कच्ची प्रत घेऊन जा, दोनशे चौदा पानं आहेत."

"अहो, अकराची गोळी आहे त्याची. तुम्ही जा ना."

"अधिकारी आले आणि अर्जदारच घरात नाही? बरं दिसतं का? गोळीचं मी बघतो. भाग चारमध्ये सगळं आहे."

वहिनी काहीतरी सांगायला थांबल्या, पण भाऊसाहेबांनी फाइलीतलं पान त्यांच्यासमोर हलवलं. खर्रर्र झालं, आतून धाकट्याचं "नको, नको" ऐकू आलं, आणि त्या पिशवी घेऊन निघाल्या.

अधिकारी बाई अकराला पाच कमी असताना आल्या. मध्यम वयाच्या, खांद्याला झोळी, बोलणं मऊ. पाणी नको म्हणाल्या, फाइलही नको म्हणाल्या, आणि धाकट्याच्या शेजारी जाऊन बसल्या.

"यांचं तुम्हीच सगळं बघता?"

"संपूर्ण व्यवस्था माझ्याकडे आहे." भाऊसाहेबांनी भाग चार उघडला आणि वाचायला सुरुवात केली. "'सकाळी साडेसात, आंघोळ घातली जाते. नऊ, न्याहारी भरवली जाते. अकरा, औषध दिलं जातं.'"

"कोण देतं?"

"घरातून दिलं जातं."

"घरातून म्हणजे कोण?"

"घरातून म्हणजे..." भाऊसाहेबांनी पान उलटलं. पुढच्या पानावर भाग पाच सुरू होत होता.

तेवढ्यात घड्याळात अकराचे टोले पडायला लागले आणि धाकट्याने वाट बघत दरवाज्याकडे मान वळवली. भाऊसाहेबांनी गोळीची डबी शोधली. स्वयंपाकघरात सापडली नाही, कपाटात सापडली नाही, आईने पलंगावरून "माझ्या उशाशी, अरे, उशाशी!" असं तिसऱ्यांदा ओरडल्यावर सापडली. त्यांनी गोळी चिमटीत धरून धाकट्याच्या तोंडासमोर नेली. "हं, आ कर." धाकट्याने ओठ घट्ट मिटले. "औषध आहे. भाग चारप्रमाणे अकराला घ्यायचं असतं." धाकटा मागे सरकला. भाऊसाहेब पुढे सरकले, त्यांच्या काखेतली फाइल निसटली आणि दोनशे चौदा लॅमिनेट केलेली पानं फरशीवर एकदम खर्रर्र करत पसरली. धाकट्याने किंकाळी फोडली, कान दाबले आणि टेबलाखाली जाऊन बसला. भाऊसाहेब त्याच्यामागे टेबलाखाली शिरले, पानावरून घसरले आणि तिथेच बसले. गोळी पलंगाखाली गेली.

भाऊसाहेबांच्या प्रतिष्ठेला चौतीस वर्षांत इतक्या खालून कुणी पाहिलं नव्हतं.

अधिकारी बाई वाकून म्हणाल्या, "दुसरी गोळी द्या लवकर. आणि एक सांगते, रागावू नका. मी जे बघितलं ते मला लिहावं लागतं. या घरात यांची काळजी घेणारं कुणी नाही, असं लिहिलं, तर समिती संस्थेत ठेवायची शिफारस करते."

आई पलंगावर उठून बसली. तिने पाय खाली सोडले. "संस्थेत?" ती म्हणाली. "बाई, मी अजून मेले नाहीये हो." टेबलाखालून त्यांना आईचे पाय दिसत होते आणि भावाचं घाबरलेलं तोंड दिसत होतं, आणि या दोघांना उपयोगी पडेल असं एकही वाक्य त्यांना अकरा भागांत आठवेना.

दार उघडलं. वहिनी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आत आल्या. फरशीवरची पानं, पलंगावरची सासू, टेबलाखालचे दोन भाऊ हे सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं. गठ्ठा खाली ठेवला. आधी पानं गोळा केली, हळूच, आवाज न करता, एकेक उचलून, आणि चादरीत गुंडाळली. मग डबीतून गोळी काढली, टेबलाजवळ बसल्या आणि टेबलाच्या पायावर बोटाच्या पेराने वाजवलं. ठक, ठक. आत शांतता. पुन्हा, ठक, ठक. आतून उत्तर आलं, ठक, ठक. धाकट्याचं डोकं बाहेर आलं, तोंड उघडलं, गोळी आत गेली. वर पाणी.

"या कोण?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"या... मिसेस," टेबलाखालून उत्तर आलं.

"अर्जात यांचं नाव कुठे आहे?"

भाऊसाहेब बाहेर आले, कपडे झटकले. नाव सापडेना. शेवटी बाईंनीच नव्या झेरॉक्समधलं सातव्या रकान्याचं पान काढलं आणि 'इतर – एक' यावर बोट ठेवलं. "या का?"

वहिनींनी ते पान हातात घेऊन वाचलं. लग्नाला तीस वर्षं झाली होती. त्यांनी पान नीट गठ्ठ्यात परत ठेवलं, कडा जुळवल्या.

आई म्हणाली, "बाई, माझी शिफारस बदलायची आहे मला. पालक म्हणून हिचं नाव घाला."

"मला पटतं, आजी. पण यांची लेखी संमती लागते." बाईंनी झोळीतून एक फॉर्म काढून वहिनींसमोर ठेवला. "सही करता?"

भाऊसाहेबांनी खिशातलं पेन काढून पुढेही केलं. सही होणारच होती. घरातलीच तर होती.

"विचार करून सांगते," वहिनी म्हणाल्या.

भाऊसाहेबांचं पेन हवेत राहिलं. बाईंनी पंधरा दिवसांची मुदत दिली आणि आईच्या हातावर हात ठेवून गेल्या. आईचे डोळे भरले होते, पण ती म्हणाली ते असं: "कर विचार, सूनबाई. स्वस्थपणे कर. मी काही पंधरा दिवसांत कुठे जात नाही."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी बॅग भरली. "आठ दिवस ताईकडे जाते."

"आठ दिवस? अगं, पण याचं..."

"फाइल आहेच की घरात," वहिनी म्हणाल्या. धाकट्याच्या केसांवरून हात फिरवला, सासूच्या पाया पडल्या आणि 'बाहेर जाण्याचा मार्ग' या पाटीखालून बाहेर गेल्या.

त्या आठ दिवसांचं वर्णन करायला बारावा भाग लागेल. थोडक्यात सांगायचं तर, भाऊसाहेबांनी पहिल्या दिवशी दुपारी संमतीचा फॉर्म चहाच्या डागापासून वाचवला आणि त्यानंतर त्यांना कुठलीच गोष्ट वाचवता आली नाही. धाकटा निळ्या बादलीखेरीज आंघोळ करत नाही. भाताचा घास डावीकडून आला तरच घेतो. सदऱ्याचं वरचं बटण आधी लावलं तर सदरा काढून फेकतो. यातलं एक अक्षरही दोनशे चौदा पानांत नव्हतं. सगळं पलंगावरून यायचं.

"दोनदा ठोक रे, दोनदा! आणि पेराने. दार मोडायला आलायस का?"

तिसऱ्या दिवशी दावेवाले सल्ला घेऊन खाली उतरले. पत्नीने घर सोडल्याची तारीख लिहून ठेवा म्हणाले, पुढे पुरावा होतो. भाऊसाहेब त्या वेळी धाकट्याची नखं कापत होते. त्यांनी भावाचा डावा पाय दावेवाल्यांच्या मांडीवर दिला आणि "घट्ट धरा" म्हणाले. धाकट्याने पाय एकदा झटकला. दावेवाल्यांना एकदम आठवलं की आज कोर्टात तारीख आहे. रविवार होता.

चौथ्या दिवशी ठक-ठकला पहिल्यांदा उत्तर आलं. सहाव्या दिवशी लॅमिनेशनचं यंत्र माळ्यावर गेलं. कुणी सांगितलं नव्हतं. आठव्या दिवशी वहिनी आल्या तेव्हा भाऊसाहेब भावाची निळी बादली भरत होते, स्वतः आपादमस्तक भिजलेले. वहिनींनी ते पाहिलं. कौतुक केलं नाही. तीस वर्षांत त्यांचं कुणी केलं नव्हतं.

"मी ठरवलंय," त्या म्हणाल्या. "पालक म्हणून नाव माझं लागेल. पण दुसरं नाव तुमचं घालायचं, नुसतं कागदावर नाही. अकराची गोळी रोज तुम्ही द्यायची. आणि महिन्यातले चार दिवस मी ताईकडे. कबूल असेल तर सही करते."

"कबूल," भाऊसाहेब म्हणाले.

"कुठे आहे फॉर्म?"

भाऊसाहेब रेंगाळत उठले. मग कपाट उघडून त्यांनी फॉर्म आणला. वहिनींनी पेन टेकवलं. पेन सरकलं. पुन्हा टेकवलं. पुन्हा सरकलं. त्यांनी फॉर्म उचलला. तो खर्रर्र वाजला.

"अहो," वहिनी म्हणाल्या.

"चहाचा डाग पडला असता म्हणून..."

पलंगावरून एक आवाज आला. आई हसत होती. घसरल्यापासून पहिल्यांदा, उशी तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. "अरे, तू हे असं करायचंस, आणि हा समजेने कमी म्हणे!" ती म्हणाली, आणि धाकट्याला काही न कळताच तोही हसायला लागला.

सोमवारी दोघे धाकट्याला घेऊन पालकत्व कार्यालयात गेले. फाइल घरीच होती. खिडकीतल्या कारकुनांच्या तोंडात लवंग होती. भाऊसाहेब गुडघ्यात वाकले.

"संमतीचा नवीन फॉर्म हवा होता."

"जुन्याचं काय झालं?"

भाऊसाहेबांनी जुना फॉर्म खिडकीतून आत सरकवला. कारकुनांनी तो नखाने वाजवला, भाऊसाहेबांकडे एकदा पाहिलं आणि नवीन काढला. नियोजित पालक म्हणून वहिनींनी स्वतःचं नाव लिहिलं, सावकाश, ठळक अक्षरांत, आणि सही केली. शाई कागदात छान मुरली.

"सातवा रकाना पण नव्याने भरावा लागेल," कारकून म्हणाले. "सांगा. पालक या बाई, एक. आजी, एक. हे बंधू, एक. आणि तुम्ही कोण?"

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं. अर्जदार आता ते नव्हते. दुसरा पालक व्हायला समितीचा हुकूम यायचा होता. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या खिडकीवरची वेळांची पाटी वाचत होत्या.

"लिहा," भाऊसाहेब म्हणाले. "इतर. एक."

कारकुनांनी लिहिलं, बेरीज केली आणि शिक्का मारला. आधी पॅडवर, मग कागदावर. ठक, ठक.

धाकट्याने खिडकीकडे तोंड करून आ वासला.

"हे काय?" कारकुनांची लवंग तोंडातून पडली.

भाऊसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजले होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून गोळी काढली, खिडकीच्या चौकटीवर पेराने दोनदा वाजवलं, उत्तराची वाट पाहिली आणि गोळी भावाच्या जिभेवर ठेवली. काही सेकंद त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पाणी आणायला ते विसरले होते. ते वहिनींच्या पिशवीत होतं.